माळ, आकडी आणि केसपेपर

सोलापुरात दारू सोडायची ठरली की घरातलं पहिलं माणूस पंढरपूरचं नाव घेतं. एकादशीला चंद्रभागेत बुडी, गळ्यात तुळशीची माळ, विठ्ठलासमोर शपथ. कुणी अक्कलकोटला स्वामींपुढे नारळ फोडतं, कुणी सिद्धेश्वराच्या देवळात शब्द देतं. श्रद्धेला आमची हरकत नाही. माळ घालून वीस-वीस वर्षं कोरडी राहिलेली माणसं या जिल्ह्यात गावोगाव सापडतात. हरकत आहे ती वेळेला. रोज दोन क्वार्टर रिचवणारा माणूस एकादशीला पहाटे माळ घालतो आणि द्वादशीला दुपारी एसटी स्टँडवर त्याला आकडी येते. मग लोक म्हणतात, माळ सोसली नाही. माळेचा यात काही संबंध नसतो. वर्षानुवर्षं दारूवर चालायला शिकलेल्या मेंदूतून ती एका रात्रीत काढून घेतली, की तो असाच उसळतो.

पिणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी, वॉर्ड, व्यसनमुक्ती केंद्र आणि पुढे दारू सोडलेल्यांची मीटिंग, ही वाट आम्ही कितीदा तरी चाललो आहोत. सुरुवातीचे पाच-सात दिवस औषधाचे असतात, ते शपथेवर काढले जातात. पुढचं दीड-दोन वर्षांचं काम माणसांचं असतं, ते औषधावर ढकललं जातं. बहुतेक घरांत अशी अदलाबदल झालेली दिसते, आणि बहुतेक फजिती तिथूनच सुरू होते.

आधी मोजमाप. डॉक्टरांपुढे ‘किती घेता?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं, ‘थोडी.’ घरच्यांनी जायच्या आधी आठवडाभर गुपचूप टिपून ठेवावं: काय, किती, दिवसातली पहिली किती वाजता. हिशेब सोपा आहे. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्की-रमच्या ३० मिलि पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ‘मी दारू पीत नाही, बिअर पितो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम असतं. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टर मागे पडली. देशीच्या लेबलवर टक्के छापलेले असतात, रिकामी बाटली सोबत न्या. हातभट्टीच्या पिशवीवर काहीच छापलेलं नसतं. तिथे ‘रोज किती पिशव्या’ आणि ‘किती रुपयांची’ एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना अंदाज येतो.

किती पितो यापेक्षा सकाळ जास्त बोलते. उठल्या उठल्या चहाचा पेला त्याच्या हातात द्या आणि बघा. एका हाताने धरतो, की दोन्ही हातांनी? पेला अर्धाच भरून मागतो का? पहिले दोन घोट घेताना पेला तोंडाकडे नेण्याऐवजी तोंडच खाली पेल्याकडे नेतो का? दोन्ही हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगा आणि वर वर्तमानपत्राचा एक सुटा कागद ठेवा. कागदाची कड थरथरत असेल आणि पहिला घोट पोटात गेल्यावर तासाभरात हात शांत होत असतील, तर शरीर दारूवर बसलंय. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं. डॉक्टर किंवा समुपदेशक बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी भरून घेतात. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं घातक, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची दाट शक्यता. आमचा भरवसा मात्र त्या कागदाच्या कडेवर जास्त. प्रश्नांना खोटी उत्तरं देता येतात.

आणि ते श्रावणाचं. ‘श्रावण कडक पाळतो, म्हणजे व्यसन नाही,’ हे आम्ही निदान शंभरदा ऐकलं असेल. महिनाभर थांबता येणं चांगलंच आहे, त्यावरून शरीराचं अवलंबित्व फार नसावं इतकं कळतं. पण गटारी अमावस्येला किती गेली आणि श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात किती गेली, तेही लिहा.

घरात बोलायची वेळ सकाळची, पहिला घोट जायच्या आधीची. रात्री आलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे बाटलीशी वाद घालणं. विशेषणं टाळा: दारुडा, बेवडा, खानदानाला बट्टा. घडलं तेवढंच सांगा. ‘अहो, काल तुम्ही दारात पडलात. पोरगं उचलायला आलं, त्याचा शर्ट फाटला. उद्या सकाळी सिव्हिलला जायचं, मी केसपेपर काढते.’ इतकं बोलून थांबायचं. त्याहून अवघड काम म्हणजे सावरून घेणं बंद करणं. सावरून घेणं म्हणजे कारखान्यात जॉबरला, म्हणजे मुकादमाला, फोन करून ‘ह्यांना ताप आलाय’ सांगायचं, गुत्त्यावरची उधारी विड्यांच्या पैशातून फेडायची. सोलापुरात कितीतरी घरांत बाई दिवसाला हजार विड्या वळते आणि त्यातले निम्मे पैसे संध्याकाळी घराबाहेर जातात. ती उधारी भरणं थांबवलं की घरात तमाशा होतो, हे खरं. म्हणून आधी सासू, दीर किंवा शेजारची अक्का, यांपैकी एकाला तरी विश्वासात घ्या. मारहाण होत असेल तर समजावणीचे प्रयोग करू नका. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. उपचार नंतर, अंग आधी.

ओपीडीचा दिवस. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथे मानसोपचार विभाग आहे. कामगार विम्याचं कार्ड असेल तर ते आणि आधार, रेशनकार्ड, जुने सगळे कागद एका पिशवीत भरा. सकाळी लवकर पोचा. नोंदणीची रांग, केसपेपर, मग विभागाबाहेरचा बाक. त्या बाकावरच निम्मी माणसं हातची जातात. नंबर येईस्तोवर दोन तास होतात, रात्रीची उतरलेली असते, अंगाला घाम सुटतो आणि ‘जरा तंबाखू घेऊन येतो’ म्हणून उठलेला माणूस थेट संध्याकाळी घरी दिसतो. म्हणून दोघांनी सोबत जावं. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या शेजारून हलायचं नाही. पोटात काहीतरी असू द्या, भाकरी जात नसेल तर चहा-बिस्किट. पाण्याची बाटली हवीच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात उलट्या आणि घाम. शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही.

भाषेचंही बघा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या माणसाला मराठीत ‘कानात आवाज येतात का’ विचारलं तर तो नुसता मान डोलावतो. घरच्या भाषेत विचारून मराठीत सांगणारं कुणीतरी सोबत असावं.

डॉक्टर विचारतील त्या गोष्टी एका चिठ्ठीवर लिहूनच न्या: शेवटचा घोट किती वाजता, पूर्वी कधी बंद केली तेव्हा आकडी आली होती का, भास झाले होते का, डोक्याला मार, कावीळ, रक्ताची उलटी, काळी शी, शुगर-बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, मावा-गुटखा. मागच्या खेपेला आकडी आली असेल तर या खेपेला ती येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ही एक ओळ सगळ्यात वर लिहा. ताडी किंवा शिंदी पीत असेल तर तेही लपवू नका. आपल्या भागात ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी रसायनं मिसळतात. ती गुंगीची औषधंच आहेत. एकदम बंद झाली की दारूसारखीच, कधी तिच्याहून वाईट आकडी आणि भ्रम होतो. ‘ताडी म्हणजे झाडाचं पाणी’ असं समजून ती गाळून सांगितलेली माहिती डॉक्टरांची दिशाच चुकवते.

आता ते पाच दिवस. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात कापायला लागतात, घाम, मळमळ, छातीत धडधड, जिवाची घालमेल. पहिल्या दिवसाच्या शेवटी काहींना भास होतात: भिंतीवर मुंग्या, कुणीतरी नावाने हाक मारतंय. आकडी येते ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत. आणि घरचे ‘चला, सुटला एकदाचा’ म्हणतात त्या दिवशी, दोन ते चार दिवसांच्या मध्ये, काहींना मोठा भ्रम होतो. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रिमेन्स म्हणतात, थोडक्यात डीटी. ताप, नाडी वेगात, वेळ-काळ-जागेचं भान गेलेलं, रात्रभर जागा. यात माणूस आपलं रोजचं काम करायला लागतो. ड्रायव्हर खाटेवर बसून गिअर टाकतो. यंत्रमागावरचा कामगार हवेत बोटं चालवतो: तुटलेला धागा चिमटीत पकडायचा, पीळ द्यायचा, पुढे सरकायचं, कांडी काढायची, नवी घालायची. हाक मारली की म्हणतो, थांबा, माग बंद पडलाय. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते गमतीचंही वाटतं. वाटू देऊ नका. उपचाराविना डीटीत माणसं दगावतात. तो माग चालवायला लागला की १०८ ला फोन करायचा, मांत्रिकाला नाही.

ही घड्याळं डोक्यात ठेवली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांचा ड्राय डे, किंवा २०२० च्या मार्चमध्ये अचानक लागलेली टाळेबंदी: दारू सोडायचं मनातसुद्धा नसलेली माणसं तेव्हा थरथरत दवाखान्यात येतात. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतल्या हातभट्ट्या बंद करून गाळणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचं, हा चांगलाच उपक्रम. पण भट्टी विझली म्हणून पिणाऱ्याच्या हाताची थरथर थांबत नाही, तिची सोय दवाखान्यातच करावी लागते.

वॉर्डात काय होतं? मुख्य औषध बेंझोडायझेपाइन गटातलं, बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड. यकृत फार बिघडलं असेल तर लोराझेपाम. सुरुवातीला मोठा डोस, मग रोज थोडा थोडा कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद. ‘दारू सोडवायला दुसरी नशा देतात’ ही तक्रार इथूनच येते. गोळी मेंदूला पायरी पायरीने खाली उतरवते आणि मग ती पायरीही काढून घेतात. गोंधळ होतो तो डिस्चार्जनंतर. चिठ्ठी दाखवून किंवा ओळखीवर मेडिकलमधून तीच गोळी महिनोन्‌महिने आणली, की दारू जाऊन गोळी बसते. चिठ्ठीवरची तारीख संपली की गोळी संपली.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. सतत पिणाऱ्याच्या अंगात ते खडखडाट झालेलं असतं. त्याची इंजेक्शनं ग्लुकोजच्या बाटलीआधी किंवा निदान सोबत जायला हवीत. उलटा क्रम झाला तर उरलंसुरलं थायमिन ग्लुकोज पचवण्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: चाल झोकांड्या खाते, डोळ्यांची बुबुळं नीट हलत नाहीत, माणूस गोंधळतो, आणि उपचार लांबले तर नवी आठवण टिकेनाशी होते. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असं सांगून सलाइन लावून घेणाऱ्यांनी निदान एवढं तोंडाने सांगावं, ‘डॉक्टर, पेशंट रोज पितो.’ बस्स. पुढचं त्यांना कळतं.

थरथर सौम्य असेल, पूर्वी कधी आकडी आली नसेल, घरात चोवीस तास जागं राहणारं माणूस असेल, तर डॉक्टर घरीच गोळ्या देऊन रोज किंवा एक दिवसाआड बोलावतात. तेव्हा गोळ्या पेशंटच्या खिशात ठेवायच्या नाहीत. आणि गोळी घेऊन वर प्याला, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करायचा. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

परगावच्या केंद्रात न्यायचं असेल तर एक चूक हमखास होते. पुण्यात येरवड्याजवळचं मुक्तांगण, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, सोलापूरकरांच्या तोंडी सगळ्यात आधी येतं. तिथला मुक्काम साधारण ३५ दिवसांचा. घरचे ठरवतात, चांगल्या ठिकाणी न्यायचंय तर कोरडा करून न्यावा. आदल्या दिवसापासून बंद. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवतात आणि कुर्डुवाडी-दौंडच्या मध्ये कुठेतरी आकडी. केंद्राला आधी फोन करून विचारा: कधी आणायचा, इथे सोलापुरात डिटॉक्स करून, म्हणजे औषधाखाली दारू उतरवून, की थेट. ते सांगतील तसंच करा, स्वतःच्या हुशारीने प्रवासाच्या आदल्या रात्री दारू बंद करू नका.

केंद्र कुठलंही असो, पैसे भरण्याआधी आत जाऊन बघून या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या व्यसनाशी निगडित आजारांनाही लागू आहे, तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच नको. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, आकडी आली तर कुठल्या हॉस्पिटलला हलवतात, फोन आणि भेट कधी, पावती मिळते का, हे विचारा. ‘पहिले तीन महिने भेटायचं नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा. साखळीने बांधायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. जबरदस्तीने डोकं भादरायला आणि सक्तीने कामाला लावायलाही. तरी गाडीतून चार पोरं पाठवून माणूस उचलून नेणारी केंद्रं आहेत आणि घरचे थकलेले असल्यामुळे त्यांना गिऱ्हाइकही मिळतं. थकवा आम्हाला समजतो. पण असा उचललेला माणूस परत येतो तेव्हा दारूपेक्षा बायकोवरचा राग मोठा झालेला असतो, आणि पहिली बाटली त्या रागाच्या नावाने फुटते.

पेशंटची मर्जी नसताना दाखल करायची कायदेशीर वाट आहे, पण ती अरुंद आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा अर्ज, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांची वेगवेगळी तपासणी, जिवाला धोका किंवा तशी गंभीर अवस्था, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. स्वतःहून दाखल झालेला माणूस सुट्टी मागू शकतो. त्याची अवस्था बघायला त्याला २४ तासांपर्यंत थांबवता येतं, त्याहून जास्त नाही. आणि आरोग्य विमा काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. व्यसनावरचे उपचार बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत असतात, कलम वाचूनच दाखल व्हा.

सगळ्यात जास्त नुकसान चोरून दिलेल्या औषधांनी होतं. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात रिक्षाच्या मागे वाचून बायको भाजीत पूड कालवते. पुडीत काय आहे ते दुकानदारालाही धड माहीत नसतं. काही वेळा ते डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, दवाखान्यातही देतात, बहुधा दिवसाला २५० मिलिग्रॅमची एक गोळी. दारू पचताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढे फुटायचं काम ही गोळी अडवते. म्हणून गोळीवर प्यालं की थोड्याच वेळात तोंड लालबुंद, डोकं फुटतंय असं वाटतं, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. माहीत असलेला माणूस या भीतीने पहिला घोट टाळतो, औषधाचा उपयोग तेवढाच. माहीत नसलेला माणूस नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि हृदय कमजोर असेल तर जागच्या जागी कोसळतो. म्हणून ही गोळी सांगून, समजावून, शक्यतो सहीनिशी. शेवटच्या घोटाला निदान १२ तास उलटल्याशिवाय सुरू करायची नाही. बरेच डॉक्टर पूर्ण दिवस जाऊ देतात. हृदयविकार, मनोविकृती, बिघडलेलं यकृत असेल तर बहुधा देत नाहीत. आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. ‘उद्या भावाचं लग्न आहे, आज गोळी नको’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. खोकल्याची काही पातळ औषधं, माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन, सॅनिटायझर, यांतही अल्कोहोल असतं. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

दुसऱ्या गोळ्या तलफ कमी करणाऱ्या. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. प्यालं तरी नेहमीची मजा येत नाही. अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ती चालत नाही. अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी. दिवसाला सहा गोळ्या म्हटल्यावर रात्रपाळीवाला कामगार दुपारची विसरतो, हे डॉक्टरांना आधीच सांगितलं तर ते दुसरी निवडतात. यकृताचा सिरॉसिस असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. यांतली कुठलीच गोळी दारू सोडवत नाही. माणूस दुसरं काहीतरी उभं करेपर्यंत ती वेळ मिळवून देते.

ते दुसरं काहीतरी म्हणजे माणसं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीत एए, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. फी नाही, नावनोंदणी नाही, अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. तास-दीड तासाची मीटिंग, सतरंजीवर किंवा शाळेच्या बाकांवर. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. बोलायची सक्ती नाही. नुसतं नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. शेवटी डबा फिरतो, टाकायचे तर दहा-वीस रुपये. पहिल्यांदा गेलेला बहुतेक माणूस ‘ते माझ्यापेक्षा फार पिणारे होते, माझं तेवढं नाही’ म्हणत परत येतो. एवढ्यावरून ठरवू नका. निदान सहा मीटिंगा करा, जमल्यास वेगवेगळ्या गटांच्या, आणि तिथून एक फोन नंबर घेऊन या. पुढे जुना, कोरडा राहिलेला एखादा प्रायोजक, म्हणजे हात धरून चालवणारा सोबती म्हणून मिळतो. संध्याकाळी सातला कारखान्याच्या गेटवर ‘एक घेतल्यानं काय होतंय बे, चल की’ म्हणणारा भेटतो, तेव्हा कामाला येतो तो हा नंबर. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे असेच गट आहेत. तिथे बायका पहिल्यांदा मोकळ्या होतात ते याच वाक्याने, ‘मी त्यांची बाटली शोधत फिरायची.’ जवळची मीटिंग कुठे आहे ते विभागातल्या समुपदेशकाला विचारा. फोनवरून मदत हवी तर नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, आणि मन अगदी खचलं असेल, जीव द्यायची भाषा निघत असेल तर टेलि-मानस १४४१६.

पिणाऱ्या बायका आमच्याकडे फार कमी येतात, कारण त्यांना आणायला घरातून कुणी निघत नाही. शिंदीवर बसलेली बाई असेल तर वॉर्डातच डिटॉक्स करून घेणं उत्तम. बहुतेक केंद्रांत बायकांची सोय नसते, आधी विचारूनच निघा.

पहिल्या तीन महिन्यांत काय काय होतं ते आधीच माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. झोप महिना-दोन महिने तुटक येते. गोड खायची हाव सुटते, खाऊ द्या, पण मधुमेह असेल तर जपून. चिडचिड दारूत होती त्याहून वाढल्यासारखी वाटते आणि बायको म्हणून जाते, ‘यापेक्षा पीत होतात तेच बरं होतं.’ हे वाक्य घरात येणार, हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगून ठेवतो. रक्ताचे रिपोर्ट मात्र आनंद देतात. जीजीटी नावाचा यकृताचा आकडा काही आठवड्यांत उतरायला लागतो. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून पेशंटला स्वतःच्या बोटाने आकडे वाचायला लावा.

घसरण बहुधा ठरलेल्या दिवशी होते: पगाराची संध्याकाळ, मयतीहून परतताना, लग्नाची वरात, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. पगार थेट खात्यात घ्यावा किंवा बायकोने गेटवर यावं. गुत्त्यावरून जाणारा रस्ता बदलावा, अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की तलफ उठते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा: आधी पोटभर जेवण, मग फोन. जत्रेला जायचं तर दिवसा, पोरांना घेऊन, खिशात मोजके पैसे.

घसरलाच तर लपवालपवीत आठवडा घालवू नका. एका रात्रीची घसरण दुसऱ्या सकाळी ओपीडीत नेली तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागते. महिनाभर झाकली तर पुन्हा तेच पाच दिवस, तीच आकडीची भीती. डायसल्फिराम चालू असताना प्याला असेल तर सकाळची वाट बघू नका, थेट अपघात विभाग. आणि हातभट्टी पिऊन नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, तर उतरेल म्हणून झोपवू नका. मिथेनॉल डोळे आणि जीव दोन्ही घेतं, तासाला किंमत असते.

फॉलोअप आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. गोळ्या किती काळ, हे डॉक्टर ठरवतील, सहा महिने ते वर्ष तरी मनाची तयारी ठेवा. माणूस बरा दिसायला लागला की चौथ्या महिन्यात घरचेच म्हणतात, आता कशाला फुकट हेलपाटा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी दिल्यावर त्या चौकोनात बारीक खूण करायची, दोघांनी मिळून, त्याने गोळी तोंडात टाकल्यावर. खूण नसलेले चौकोन मोजून ठेवा. गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, रबर लावून पिशवीत ठेवा आणि पुढच्या खेपेला केसपेपरसोबत घेऊन या. डॉक्टर ती मोजतात.